बारवेत उतरणारे आमचे साडू

आमच्या साडूंइतक्या आनंदानं, स्वतःच्या पायांनी आणि कुणीही न ढकलता आयुष्यभर खड्ड्यात गेलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. हा टोमणा नाही. त्यांना नादच तसला होता. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर दिसली, की हा माणूस हातातलं काम, खिशातला फोन आणि बरोबरची बायको तिथंच सोडून खाली उतरायला लागायचा. ज्या लातुरात नळाला पाणी यायच्या दिवशी घरातल्या एकानं रजा काढायची असते, तिथल्या माणसाला पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांचं वेड लागावं यात तसं नवल नाही. पण लातुरात एवढी माणसं राहतात. बाकी कुणाला ते लागलं नाही. लागलं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, ज्याचं बाजारात कापडाचं दुकान आहे आणि ज्याला मी वयाच्या मानानं आप्पा म्हणतो.

कापडवाला असल्यामुळे त्यांचं सगळं मोजमाप शिंप्याच्या टेपनं चालायचं. पायरीची उंची, टप्प्याची रुंदी, कोनाड्याची खोली, सगळं त्या पिवळ्या टेपनं घ्यायचं आणि साडीच्या बॉक्समधल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं उतरवायचं. असे शेकडो पुठ्ठे त्यांच्याकडे होते. फोटो काढा, सोपं पडेल, असं मी एकदा म्हणालो, तर माझ्याकडे त्यांनी पोराच्या लग्नाला पॉलिस्टर मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. "फोटोत खोली येत न्हाई, पाव्हणं. खोली पायानंच कळती." गावात गेल्यावर ते कधीही 'बारव कुठं आहे' असं विचारायचे नाहीत, कारण त्यावर तरुण माणसं खांदे उडवतात. पारावर बसलेला सगळ्यांत म्हातारा माणूस गाठायचे आणि विचारायचे, "बाबा, तुमच्या लग्नात पानी कुठून आनलं हुतं?" म्हातारा आधी हसायचा, मग काठी घेऊन उठायचा आणि पुढं होऊन वाट दाखवायचा. बारवेपाशी पोचेपर्यंत आप्पांना त्याच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यांसकट सगळी हकिकत कळलेली असायची.

माझ्या स्वतःच्या लग्नाची हकिकत मात्र सांगायला मलाच लाज वाटते. आमची सासुरवाडी निलंग्याकडची, कर्नाटकाला लागून. लग्न तिथंच होतं आणि नवरदेवाचा फेटा आणायचं काम अर्थातच कापडवाल्या थोरल्या जावयाकडं. अक्षतांची वेळ झाली, वाजंत्री दमले, मी बोडक्या डोक्यानं उभा, आणि फेटाही नाही, जावईही नाही. शेवटी मळ्याच्या बाजूनं आप्पा धावत येताना दिसले. काखेत फेटा, फेट्यातून पाणी टपकतंय. गावाबाहेर त्यांना एक बारव सापडली होती, टेप लातुरात राहिला होता, म्हणून फेट्याच्या टोकाला धोंडा बांधून त्यांनी पाण्याची खोली मोजली होती. वर मलाच समजावलं, "बरोबर नऊ मीटरचा हाय, मीच फाडलेला. मापात फरक यायचा न्हाई." तोच फेटा मला बांधला. माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत कपाळावरून पाणी ओघळताना दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, नवरदेव फार घाबरलेला होता.

त्या दिवशी मांडवात सगळ्यांदेखत ओरडल्या त्या फक्त अक्का, म्हणजे आप्पांची बायको. माहेर सीमेवरचं असल्यामुळे अक्कांचा राग कानडीतून बाहेर पडतो. "साकु!" म्हणाल्या. साकु म्हणजे पुरे. हा शब्द त्यांनी पुढं चाळीस वर्षं वापरला, पण आप्पांचं पुरं काही झालं नाही. दुकानाच्या सुट्टीला दोघं देवदर्शनाला म्हणून निघायची आणि कुठल्या तरी शिवारात थांबायची. आप्पा खाली उतरायचे. अक्का वर बाभळीच्या सावलीत बसून शेंगा फोडायच्या. चाळीस वर्षांत एकदाही त्या बारवेत उतरल्या नाहीत. विहिरीत बघण्यासारखं काय असतं, असा त्यांचा साधा सवाल होता.

मी नांदेडला शाळेत शिकवायचो. रोज सकाळी साडेसहाला फोन यायचा. "पाव्हणं, झोपलाव का?" झोपलेला माणूस याला काय उत्तर देणार? "औशाच्या पुढं एक हाय म्हनत्यात, दोन बाजूंनी पायऱ्या. रविवारी काय करायलाव?" मी काही करत असलो तरी रविवारी औशाच्या पुढं असायचो.

त्या दिवशीही मी बरोबरच होतो. उदगीरच्या बाजूला एका शेतातली बारव, पायऱ्या धड, पाणी भरपूर. आप्पा नेहमीप्रमाणे पुढं, मी चार पायऱ्या मागं. मोठ्यानं पायऱ्या मोजत उतरत होते. सतरा म्हणाले आणि खाली बसले. मला वाटलं माप घेतायत.

"पाव्हणं," ते शांतपणे म्हणाले, "पाय न्हाईत."

"म्हणजे?"

"हायत की. दिसायलेत. पन माझे वाटंनात."

दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, काही चावलं नव्हतं. पाय फक्त ऐकत नव्हते. शेतमालकानं आणि त्याच्या दोघा भावांनी बाज आणली. चौघांनी मिळून त्यांना वर काढलं, आणि काढताना हा माणूस बाजेवर आडवा पडून सांगत होता, "जरा सावकाश घ्या, ह्या कोनाड्याचं माप राहिलंय." तासाभरानं उदगीरच्या स्टँडवर स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्यांनी चहा घेतला. आम्ही दोघं त्यावर पोटभर हसलो. ते हसणं आठवलं की अजून मला कसंतरी होतं.

कारण ते पुन्हा झालं, आणि मग होतच राहिलं. आठ-आठ दिवस काही नाही आणि मग भर रस्त्यात पाय जागीच थांबायचे. एकदा ते नेमके समोरच्या कापडवाल्याच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात थांबले. तो बिचारा आतून बघतोय, आप्पा बाहेर खांबाला धरून उभे, हलायचं नावच नाही. आपली गिऱ्हाइकं मोजायला आलेत असं समजून त्यानं आधी तोंड फिरवलं, मग पाणी पाठवलं, मग स्वतः खुर्ची घेऊन आला. तीस वर्षांत न बोललेली दोन माणसं त्या दिवशी तासभर बोलत बसली. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "मानूस चांगला हाय हो. आधी पाय गेले असते तर बरं झालं असतं."

डॉक्टर झाले. लातूरचे झाले, सोलापूरचे झाले, हैदराबादचे झाले. डोक्याचा फोटो, कमरेचा फोटो, नसांना करंट लावून बघितलेला आलेख. सगळ्यांचा निकाल एकच, रिपोर्ट नॉर्मल. एक म्हणाले जीवनसत्त्व कमी आहे, एक म्हणाले मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका. पाहुण्यारावळ्यांत कुणाला नजर दिसली, कुणाला गॅस. आप्पांना आजारापेक्षा ते 'नॉर्मल' जास्त लागलं होतं. "आमच्याकडं गिऱ्हाईक आलं आन म्हनलं, लुगड्याचा रंग गेला, तर मी त्याला असं म्हनंन का, की बाई, कापड नॉर्मल हाय?" हे ते हसत सांगायचे. नंतर नंतर सांगेनासे झाले. आप्पांच्या मुलानं त्यांचं बारवेत उतरणं बंद केलं. त्याचं तरी काय चुकलं? सतराव्या पायरीऐवजी शेवटच्या पायरीवर पाय गेले असते तर खाली किती पाणी होतं, हे मी स्वतः बघितलं होतं.

सकाळी साडेसहाचा फोन थांबला. गंमत अशी, की मला रोज त्याच वेळी जाग यायला लागली. मी पडून राहायचो. मग मीच फोन करायचो, तर तो अक्का उचलायच्या. "हायत. बसलेत." एवढंच. दिवाळीनंतर मी लातूरला गेलो तेव्हा आप्पा दुकानात मागच्या बाजूला ताग्यांना टेकून बसले होते. निलंग्याच्या रस्त्यावर एक बारव गाळ काढून मोकळी केलीय, असं मी मुद्दाम सांगितलं. "हो का," म्हणाले, आणि एका ताग्याची घडी पुन्हा घालायला लागले. ती घडी नीटच होती. घरी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पुठ्ठे सगळे आप्पांनी माळ्यावर टाकायला लावलेत, म्हणाल्या. आणि मग पदर तोंडाला लावून, "पायाचं काय तरी हुईल भाऊजी. मानूसच गप झालंय."

पुढच्या महिन्यात अक्का आप्पांना घेऊन एसटीनं नांदेडला आल्या. बहिणीला भेटायला, असं सांगून. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "गाडी काढा. हदगावकडं ह्यांची एक राखून ठेवलेली बारव हाय म्हनं." होती खरी. चांगली म्हणून ऐकलेली, आणि चांगली म्हणूनच वर्षानुवर्षं पुढं ढकललेली, पोरं ताटातला गोड घास शेवटी ठेवतात तशी. कापसाच्या शेतात गाडी थांबली तरी आप्पा उतरले नाहीत. "तुम्ही बघून या. मी हितंच बरा हाय."

अक्कांनी पिशवीतली भाकरी आणि शेंगांची चटणी बाजूला सारली. खाली कोरा पुठ्ठा, पेन्सिल आणि पिवळा टेप निघाला. पुठ्ठा त्यांनी आप्पांच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि टेप गळ्यात घालून निघाल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, भिंतीला धरून एकेक पायरी उतरायला लागली. मी मागं जायला लागलो तर म्हणाल्या, "तुम्ही ह्यांच्याजवळ थांबा."

थोड्या वेळानं खालून आवाज आला. "पहिली पायरी, दीड हात!"

आप्पांनी मान वर केली. "टेप हाय न तिच्याकडं? हात कशाला?" आणि काच खाली करून ओरडले, "हात कुनाचा?"

"माझाच! खाली मीच हाय न!"

"अगं टेप लाव, टेप!"

"टेपवरचं बारीक दिसत न्हाई! चष्मा वर राहिलाय!"

मग कोनाडा तीन वीत निघाला, टप्पा सात पावलं निघाला आणि एक खांब 'आपल्या फ्रीजएवढा' निघाला. चाळीस वर्षं मापात फरक न येऊ दिलेल्या माणसाला हे सहन होईना. दार उघडून ते बाहेर आले. मी शेतमालकाकडून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि काठावर, पण काठापासून हातभर मागं, ठेवली. तिथं बसून त्यांनी पुठ्ठा गुडघ्यावर घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं, प्रमाण : हिचा हात.

अक्का खालून काय काय सांगत होत्या. मापांच्या मध्ये मध्ये त्यांना भलतंच दिसत होतं. इथं बेडकं आहेत. इथं दगडावर कुणी तरी फुगडी कोरलीय. कोनाड्यात तान्ह्या लेकराचं टोपडं ठेवलंय, नवं आहे. आप्पांची पेन्सिल थांबली. "एवढे कोनाडे मोजले मी," ते मला म्हणाले, "आत काय ठिवलंय ते कधी लिहिलं न्हाई."

मग खालचा आवाज बंद झाला. आप्पांनी हाक मारली, उत्तर नाही. दुसरी हाक मारताना ते खुर्चीचे हात धरून अर्धे उठले होते.

"काय करायलीस?"

बऱ्याच वेळानं खालून आलं, "बसलेय. गार हाय हितं."

त्या वर आल्या तेव्हा घामानं नाही, पाण्यानं भिजल्या होत्या. तोंड धुतलं होतं, कुंकू पसरलं होतं, आणि त्या चिडलेल्या होत्या. "चाळीस वर्सं येवढं सुख एकट्यानंच घेतलात व्हय? आन मला वर शेंगा फोडायला बसवलात?"

"मी बोलवायचो की तुला."

"तसं न्हाई बोलवत!"

आप्पा हसले. त्या पाय जायच्या गोष्टीनंतर मी त्यांना पहिल्यांदा तसं हसताना बघितलं.

आता दोघं जातात. कुणाची तरी गाडी मिळाली की जातात, बहुधा माझीच. अक्का उतरतात, आप्पा खुर्चीवर बसून पुठ्ठ्यावर काढतात, आणि वादावादी एवढी होते की शेतात काम करणाऱ्या बायका खुरपी ठेवून ऐकायला येतात. पायांचं निदान अजून झालेलं नाही. कधी बरे असतात, कधी नसतात, का ते कुणाला सांगता येत नाही. आप्पांनीही विचारायचं सोडलंय. सकाळचा फोन पुन्हा येतो. पण पूर्वी ते बारवेचं वर्णन करताना 'उतरलं की' असं म्हणायचे. आता 'वरून बघितलं की' म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर क्षणभर थांबतात. तो थांबा मला फोनवरही ऐकू येतो.

गेल्या हिवाळ्यात रेणापूरच्या पलीकडं गेलो होतो. अक्का खाली होत्या. पाय बरे असल्याचा दिवस होता. मी पाठ फिरवून कुणाशी तरी बोलत होतो, वळलो तर खुर्ची रिकामी. आप्पा भिंतीला हात लावून पायऱ्या उतरत होते. हाक मारली तर दचकतील म्हणून मी नुसताच त्यांच्या मागं गेलो. सातव्या पायरीवर ते थांबले. पाय गेले नव्हते. स्वतःच थांबले आणि बसले. खाली ऊन पोचलेलं नव्हतं आणि हिरव्या पाण्यावर अक्कांनी हात फिरवल्यानं उठलेली वर्तुळं भिंतीपर्यंत जात होती.

अक्कांनी वर बघितलं. ओरडतील असं मला वाटलं. पण त्यांनी पदराचा शेव पाण्यात बुडवला आणि तो दोन्ही हातांत धरून, गुडघे सांभाळत, एकेक पायरी वर आल्या. तोवर बरंचसं पाणी गळून गेलं होतं. उरलेलं त्यांनी आप्पांच्या पावलांवर पिळलं.

"लागतंय का?"

"लागतंय," आप्पा म्हणाले. "गार हाय."

अक्का शेजारी टेकल्या. आप्पा खालच्या पायऱ्यांकडे बघत होते, ओठ हलत होते, मोजत असावेत. मग त्यांनी मोजणं मध्येच सोडलं. वर जायची घाई कुणालाच नव्हती, आणि खाली जायचं कुणी काढलं नाही.