दोरा पुरेना

वेइयो निवृत्त होईपर्यंत आमच्याच ट्रॅव्हल एजन्सीत लोकांना तिकिटं काढून द्यायचा. मी तिथे हिशेब बघतो. आम्ही हेलसिंकीत राहतोही एकाच इमारतीत. तळघरातल्या सॉनाची, म्हणजे वाफेच्या खोलीची, शुक्रवार संध्याकाळची पाळी आम्हा दोघांची.

वेइयोच्या टेबलावर पृथ्वीचा गोल असे. गिऱ्हाईक आलं की तो दोऱ्याचं एक टोक हेलसिंकीवर धरायचा आणि दुसरं टोकियोपर्यंत ताणायचा. दोरा अगदी तेवढाच कापलेला. "बघा, सरळ रशियावरून. साडेनऊ तास. आपल्याला टोकियो किती जवळ." हे तो अशा तोऱ्यात सांगायचा, जणू रस्ता त्यानेच बांधलाय.

त्याची मुलगी किर्सी लग्न करून टोकियोलाच गेली. पुढे वेइयोची बायको वारली. मी सॉनात विचारायचो, "मुलीकडे कधी जातोस?"

"जाईन की. आपल्याच देशात वर लॅपलंडला जाणाऱ्या गाडीला याहून जास्त वेळ लागतो."

"मग जा ना."

"तिने बोलावलं नाही अजून."

यावर मी तापल्या दगडांवर आणखी थोडं पाणी टाकायचो. आपलं कुणाला ओझं होऊ नये, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. न बोलावता आम्ही सख्ख्या भावाकडेही जात नाही.

अशी वर्षं गेली. मग युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश आमच्या विमानांना बंद झालं. टोकियोचं विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घालून तेरा तास घेऊ लागलं. त्याच वर्षी वेइयोच्या पायात रक्ताची गुठळी झाली. डॉक्टर म्हणाले, साडेनऊ तासांना कदाचित हो म्हटलं असतं, तेराला नाही. मध्ये उतरून जायचं तर अख्खा दिवस मोडणार. त्यालाही त्यांनी नकारच दिला.

आमच्याकडे फादर्स डे नोव्हेंबरात असतो; त्या दिवशी किर्सीचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याकडे कॉफी घेत होतो. फोन टेबलावर, आवाज मोठा.

"मला आता नाही येता येणार," वेइयोने सांगून टाकलं.

"खिडकीजवळची खोली तुझ्यासाठीच ठेवली होती, बाबा. गेल्या महिन्यात मिकाला दिली. नातू मोठा झाला तुझा, त्याला अभ्यासाला जागा लागते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मागे लागले असते तर तुला अवघड झालं असतं. म्हटलं, मनात आलं की येशील."

"आणि मी तुझ्या बोलावण्याची वाट बघत बसलो."

"तू तरी विचारायचंस."

वेइयोने कप फिरवून पुन्हा बशीत ठेवला. "मग तूच ये," तो म्हणाला. त्याने कुणाला बोलावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"येते उन्हाळ्यात. एकटीच येईन. मिका आता माझ्याबरोबर कुठे येतोय."

"त्याला फिनिश येतं का गं?"

"आजोबा म्हणता येतं. म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून विसरत चाललाय."

फोन ठेवल्यावर वेइयोने निवृत्त होताना घरी आणलेला गोल कपाटावरून खाली काढला. तोच जुना दोरा हेलसिंकीवर धरला आणि ध्रुवावरून नेऊ लागला. टोकियोच्या खूप अलीकडे तो संपला.

"दुसरा आणू का?" मी विचारलं.

"कशाला? आता मोजून कुठे जायचंय मला."