काऊनवाल्या बाई आणि पंचायतीचा भोंगा

आमच्या तेलुगू मुलखातल्या तलमडुगूकडच्या गावात शाळेतल्या बाईंना नावाने कोणी ओळखत नसे. लहानथोर सगळे त्यांना काऊनवाल्या बाई म्हणत. काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द 'काऊन?', म्हणजे का? एकदा मी सहज म्हटलं, आज आभाळ भरलंय. तर म्हणे, "काऊन भरलं, काका?" मी चौथीतून बैलांमागे गेलेला माणूस. म्हटलं, ते आभाळालेच इचारा.

बाई बोथ गावाकडच्या. पुस्तक तेलुगूत, पोरं घरी बोलतात मराठी, मधल्या मधे विज्ञान सांडून जातं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी वेगळंच काढलं. मोबाईल घेऊन घरोघरी जायच्या, बायांना प्रश्न विचारायला लावायच्या आणि शाळेतल्या पोरींकडून आपल्याच बोलीत उत्तर वदवून मोबाईलात भरून घ्यायच्या. संध्याकाळी ते पंचायतीच्या भोंग्यावर लागे. मी तोंडावर म्हणालो, सरकार पगार शिकवायचा देते, नाटकाचा नाही. बाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच ओसरीवर येऊन बसल्या.

माझी बायको सखू मोबाईलपुढे डोक्यावर पदर घेऊन बसली, जशी सोयऱ्यापुढे बसते. तिने विचारलं, "ईज आधी दिसते, गरजते मागून. असं काऊन?" मला राहवलं नाही. मी म्हणालो, देवाची मर्जी. सखू तिथल्या तिथे कडाडली, "तुमी मधात नोका बोलू. पोरीले सांगू द्या." तेही भरलं गेलं. मग पोरीने सांगितलं की उजेड झटक्यात येतो, आवाज मागून चालत येतो. गरजणं ऐकू आलं म्हणजे वीज लांब नाही, झाडाखालून निघा, पक्क्या घरात जा.

बायको मला चूप करते ते त्या संध्याकाळी अख्ख्या गावाने ऐकलं. पाराजवळची टवाळ मंडळी मला 'मधात' म्हणायला लागली. मी बाईंना म्हटलं, तेवढं कापा.

"काका, लोक तेच आयकाले थांबतात," बाई म्हणाल्या. "त्याच्यामागून इज्ञान आयकतात."

गेल्या उन्हाळ्यात सखू तापाने गेली. पाऊसकाळ लागला तसं बाईंनी विजेचं ते पुन्हा लावलं. मी जेवत होतो. भोंग्यातून सखू म्हणाली, मधात नोका बोलू. मी ताटावरून उठलो. सकाळी शाळेत जाऊन सरळ सांगितलं, बंद करा ते, माझं माणूस मेलं आहे.

बाईंनी मोबाईल माझ्या हातात दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं. "तुमीच काढून टाका, काका. तुमचं माणूस हाय." माझं बोट काही गेलं नाही. पण त्या दिवसापासून बाईंनी ते लावलं नाही.

भादव्यात कापसात निंदण चालू होतं. पाणी आलं तशा बाया मोहाच्या झाडाखाली गेल्या, मीही गेलो. लांब कुठे गरजलं. त्यांतली शेवंता विळा घेऊन उठली. "सखूमायनं काय इचारलं होतं? उठा, शाळेत चला." मी म्हटलं, उघडते आता, बसा.

"आबाजी, तुमी मधात नोका बोलू," शेवंता म्हणाली.

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, सखू गेल्यावर पहिल्यांदा. आम्ही भिजत रोडवरच्या शाळेत गेलो. वीज त्या मोहावर पडली नाही. नाही तर नाही. झाडाखाली माणूस नव्हतं, मला तेवढं पुरे. दारातूनच मी बाईंना म्हटलं, लावा ते परत.

यंदा बाईंची बदली झाली. जायच्या आधी माझा प्रश्न भरायला आल्या. मी विचारलं, "माणूस जाते, आवाज या डब्बीत राह्यते. हे कसं?" विचारून जरा थांबलो, सवयीने, आता कोणी चूप बसवेल म्हणून. मग पोरगी सांगायला लागली.

परवा ते भोंग्यावर लागलं. बाईंनी तेवढी रिकामी जागा कापली नव्हती.