पडून उठणाऱ्यांची यादी

मराठेकाका नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. मी अमेरिकेतल्या चँडलरला नवा होतो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाची वाटी घेऊन बसायला जागा शोधत होतो, तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ समोर आले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "डावा गुडघा कधी गेला?" गुडघा बारावीत कबड्डी खेळताना गेला होता आणि नागपूरच्या डॉक्टरांनंतर तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. "वाटलंच," काका म्हणाले. "जिना उतरताना कठडा धरत नाहीस, पण हात तयार ठेवतोस."

तीस वर्षं त्यांनी इथल्या चिपच्या कारखान्यात काढली होती. काम एकच, चिप कधी मरेल ते सांगायचं. त्यासाठी ती भट्टीत भाजायची, गोठवायची, पुन्हा भाजायची आणि पहिला तडा कुठे जातो ते बघायचं. रिटायर झाल्यावर भट्टी सुटली, नजर सुटली नाही. मग ती त्यांनी अमेरिकन फुटबॉलकडे वळवली.

आमच्या दहा मराठी घरांची एक फँटसी लीग होती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी एकत्र जमायचं, खऱ्या फुटबॉलपटूंमधून आळीपाळीने एकेक निवडून आपापला कागदी संघ बनवायचा आणि मग ते गडी मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. याला ड्राफ्ट म्हणतात. शेवटी येणाऱ्याने दहाही घरांना स्वतः लाटून पुरणपोळ्या घालायच्या, असा आमचा नियम. काका कधीच शेवटी आले नाहीत, कारण रनिंग बॅकची यादी त्यांच्यासारखी कोणी करत नसे. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी. तो सगळ्यात लवकर मोडतो, आणि कोण कधी मोडेल हाच काकांचा प्रांत.

उन्हाळ्यात बाहेर एकशे बारा डिग्री फॅरनहाइट असताना ते पडदे ओढून जुन्या मॅचचं रेकॉर्डिंग लावत. धावणं बघतच नसत. "पळतो किती ते कोणीही सांगेल रे. पडल्यावर उठतो कसा ते बघ. कोणता हात टेकला? आधी कोणता पाय घेतला?" खेळाडूंची खरी नावं त्यांना मान्यच नव्हती. एक होता 'पोस्टमन', ऊन असो पाऊस असो, रोज चार यार्ड पोचवणारा. एक 'जावई', थाटामाटात यायचा आणि बाकावर बसायचा. जावयावर त्यांचा विशेष राग. "दुखतंय तर सांग की बाबा! दुखणं परवडतं, लपवलेलं दुखणं नाही परवडत."

आलेख-कागदावरची ती यादी ड्राफ्टपर्यंत गुप्त असे. लीगचा कारभार माझ्याकडे होता, म्हणून ती वेबसाइटवर मी भरायचो आणि माझ्याशिवाय ती कोणी पाहत नसे. "तुझ्या तोंडाला कुलूप आहे," काका म्हणायचे, "म्हणून तुला दाखवतो." मला या कुलपाचा अभिमान होता. माझी बायको म्हणते की हा अभिमान नव्हे, घुमेपणा आहे. तिचं बरोबर आहे.

त्या वर्षी जूनमध्ये आम्ही पहाटे कालव्याकाठी चालत असताना काका बुटाची नाडी बांधायला थांबले. शंभर पावलांवर पुन्हा थांबले. त्यांच्याच शाळेत शिकलेलो मी. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा बघितलं, नाडी सुटलेलीच नव्हती.

"काका, काय होतंय?"

"काही नाही. मी आज क्वेश्चनेबल." खेळेल की नाही याची खात्री नसलेल्या खेळाडूला फुटबॉलमध्ये असं म्हणतात.

"काका, नीट सांगा."

मग ते कालव्याच्या कठड्यावर बसले. तीन ठिकाणी ब्लॉकेज निघालं होतं. डॉक्टर आठवडाभरात बायपास करा म्हणत होते. काकांनी ड्राफ्टनंतरचा पहिला मंगळवार घेतला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ड्राफ्टसाठी नाही रे, तेवढा वेडा नाही मी. केतकीचं बाळंतपण आहे ऑगस्टमध्ये. हिला कळलं तर ही तिच्याकडे एडिसनला पाऊल टाकणार नाही. पहिलं बाळंतपण आहे पोरीचं, आई नको जवळ? ही जाऊन येईल, मग मी टेबलावर चढतो. तोपर्यंत यादी ड्राफ्टपर्यंत ठेवतोस ना, तसं हे ठेव."

आणि मी ते ठेवलं. यादीसारखंच ठेवलं. एका माणसाच्या काळजाची गोष्ट मी खेळाच्या गुपितात जमा केली, आणि वर मला वाटलं की त्यांनी केवढा विश्वास टाकला माझ्यावर.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुनंदाकाकूंना विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्यांच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. फ्रीवेला लागल्यावर म्हणाल्या, "निखिल, यांच्याकडे बघत जा हं जरा. हल्ली जिन्यात मधेच थांबतात. विचारलं तर फोन बघतोय म्हणतात."

"वय झालं काकू. गुडघे असतील."

"गुडघेच ना?"

"गुडघेच."

मी टर्मिनलपाशी त्यांच्या बॅगा उतरवून दिल्या, नमस्कार केला आणि वेळेत ऑफिसला पोचलो.

सहाव्या दिवशी नातू झाला. काकांनी तो फोनवर पाहिला आणि मला कळवलं, "पाय जोरात झाडतोय. पहिल्या फेरीतला माल आहे." त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ते चालायला आले नाहीत आणि फोनही उचलेनात. गॅरेजचा कोड मला माहीत होता. काका खुर्चीत होते. टीव्हीवर रेकॉर्डिंग चालू होतं, लोक ओरडत होते. मी आधी रिमोट शोधून आवाज बंद केला आणि मग त्यांच्याजवळ गेलो. तसं का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

ड्राफ्ट रद्द करू, असं सगळ्यांचं ठरत होतं. एडिसनहून परतलेल्या काकूच म्हणाल्या, "त्यांनी यादी केलीय ना? मग होऊ दे. इथेच करा." तेव्हा रविवारी दुपारी आम्ही नऊजण काकांच्या दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसलो. वेबसाइटची एक सोय असते. माणूस हजर नसला तर त्याच्या यादीतला, तोवर कोणी न घेतलेला वरचा गडी कॉम्प्युटर आपोआप उचलतो. यादी मी जुलैतच भरून ठेवली होती.

आम्ही प्रत्येकजण मिनिटभर डोकं खाजवून निवडत होतो. चौथा नंबर काकांचा. त्यांचं नाव उजळलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गडी उचलला गेला. पोस्टमन. "काकांनी घेतला," कोणीतरी म्हणालं. पाचव्या फेरीत माझ्या मनातला गडी माझ्या आधी एक नंबर त्यांनी नेला. मी सवयीने "काय हो काका!" म्हटलं. नंतर नंतर आम्ही सगळेच त्यांच्या पाळीची वाट बघू लागलो. पाळी आली की कोणी पाणीसुद्धा पीत नव्हतं.

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. दर वेळी विचारत, "हा कोण? याच्याबद्दल काय म्हणायचे?" मी सांगत होतो. अकराव्या फेरीत त्यांनी स्क्रीनवर एका नावावर बोट ठेवलं. "याला कुणीच कसं घेत नाही?"

"तो जावई. काकांनी यादीत अगदी तळाला टाकलाय. दुखणं लपवतो म्हणून."

"लपवतो म्हणजे?"

"त्याच्या संघातल्या लोकांना माहीत असतं. बाहेर सांगत नाहीत."

"म्हणजे कुणाला तरी माहीत असतंच," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

सगळे गेले. मी खुर्च्या जागेवर लावत होतो.

"निखिल, तुला माहीत होतं?"

"हो काकू."

"कधीपासून?"

"जूनपासून." मग मी सगळं सांगितलं. कालवा, डॉक्टर, मंगळवार, केतकी. काका नको म्हणाले होते, हेही सांगितलं, आणि सांगतानाच ते किती हलकं आहे ते कळलं.

काकू रडल्या नाहीत. बराच वेळ टेबलावरचा हात दुसऱ्या हाताने चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "मी गेले नसते रे. विमानतळावर तू बॅगा उतरवत होतास ना, तेव्हा सांगितलं असतंस तरी मी परत फिरले असते. बाळाला काय, पुढे आयुष्यभर बघितलंच असतं."

त्यांनी जेवायला वाढलं आणि मी जेवलो.

आता त्या एडिसनला लेकीकडे असतात. मी दर रविवारी फोन करतो. नातू बोलायला लागलाय, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो, असं सगळं मायेने सांगतात, माझ्या बायकोचीही चौकशी करतात. पण फोन ठेवण्याआधी दर वेळी विचारतात, "आणखी काही सांगायचं राहिलंय का, निखिल?"

नाही काकू, मी म्हणतो, आता काही नाही. पुढच्या रविवारी त्या पुन्हा विचारतात.