खाडीपलीकडचा रिकामा शनिवार

मुलुंडहून निघाले तेव्हा पिशवीत पेढ्यांचा डबा होता, बीपीच्या गोळ्या होत्या आणि डोक्यात एक निरोप होता, जो मला द्यायचा नव्हता. निरोप फिलूच्या सुनेचा, रोझीचा. फोनवर म्हणाली होती, "मावशी, तुम्हीच आईंना समजवा. माझं नाही ऐकत त्या."

फिलू, म्हणजे फिलोमिना, माझी जुनी मैत्रीण. विक्रोळीच्या कारखान्यात पॅकिंगला आम्ही शेजारी-शेजारी उभ्या राहायचो. तिच्या डब्यातलं सुकं मला, माझी सोलकढी तिला. लग्न होऊन ती बोरीवलीच्या खाडीपलीकडे, गोराईला गेली, पण मैत्री सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीला तिचा मुलगा अंतोन मासेमारीला गेला. बोट परत आली, बाकीचे आले, तो आला नाही. देहसुद्धा मिळाला नाही. आता रोझीला वाटतं, दफनभूमीत त्याची एक जागा असावी, नावाचा खुरूस (क्रूस) असावा, मेणबत्ती घेऊन कुठेतरी जाता यावं. फिलू म्हणते, रिकाम्या मातीवर नाव घातलं की पोराला मीच मारला. तो लाकडी खुरूस सहा महिने घरामागे गोणपाटात गुंडाळलेला, भिंतीकडे तोंड करून उभा.

म्हणून ईस्टरच्या आदल्या दिवशी मी निघाले. बसमध्ये खिडकी मिळाली. आरेची झाडं सुरू झाली नि डोळा लागला. झोपेतही मी फिलूला समजावत होते. वाक्यं अशी छान जुळत होती! बोरीवलीला जाग आली तर एकही आठवेना.

रिक्षावाला म्हणाला, "गोराईची जेट्टी? पिकनिक काय आजी?"

"हो रे, एकटीच, पेढे घेऊन."

पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळे ओहोटी अशी की खाडीचं पोटच उघडं पडलेलं. तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर केल्यासारखी. बोट खाली दूर, आणि शेवटची पायरी गाळात. मी पाय टाकला, पाय वर आला, चप्पल आली नाही.

बोटवाला म्हणाला, "आजी, ती खाडीला दिली समजा."

"मग दुसरीपण घे म्हणावं. एक घेऊन ती काय करणार?"

बोट हसली. मी दुसरी पिशवीत टाकली आणि अनवाणी बसले. पाणी इतकं संथ, की बोट चाललीये का पलीकडचं गाव आपल्याकडे येतंय, ते कळेना.

फिलू ओट्यावरच बसली होती, लुगड्यात, पाय पसरून.

"आयलीस गो! नि चप्पल कुटं?"

"खाडीत."

"तुला कारखान्यातपन नीट चालता येत नवतं." पेढ्यांचा डबा हातात दिला तर तिने तो तसाच फळीवर ठेवला. "आज गोड नाय. उद्या. आज तो आत हाय."

"कोण? कुठे?"

"येशू. कबरीत." बाजाराला गेलाय म्हणावं, तसं म्हणाली.

रोझीने पेज वाढली, सोबत कैरीचं तिखट. पेज आमच्या मालवणातलीच, म्हणून मला एकदम घरच्यासारखं झालं. रोझी वाढताना माझ्याकडे बघायची, नि मी पेजेकडे.

ऊन कलल्यावर फिलू म्हणाली, "चल, देऊळ दाखवते." चर्चला ती देऊळच म्हणते. आत घंटा नाही, दिवा नाही, एक फूल नाही. आल्तार (वेदी) उघडं, वरचं कापडसुद्धा काढलेलं. पुतळे जांभळ्या कापडात झाकलेले, जणू सगळे तोंडावर पांघरूण घेऊन निजलेत. मधलं छोटं सोनेरी कपाट, एरवी त्यांचा प्रसाद ज्यात ठेवतात ते, सताड उघडं आणि रिकामं. आणि समोर बाकांवर सात-आठ बायका गप्प बसलेल्या. खिडकीतून पिवळं ऊन थेट त्या रिकाम्या कपाटात पडलेलं. मला तर वाटलं, मी अजून बसमध्येच झोपलेय.

मी हळूच विचारलं, "अगं, देव कुठाय?"

"आज नाय."

"मग या कुणासाठी बसल्यात?"

"त्याच्यासाठीच."

आमच्याकडे गाभारा रिकामा असेल तर कोण बसेल? पण त्या बसल्या होत्या, आणि खरं सांगते, देवळात कुणी नाही असं काही वाटत नव्हतं.

मग फिलू म्हणाली, "कुंदे, उद्या सगळं गाव नाचल. कशाला? कबर रिकामी सापडली म्हनून. माझ्या अंतोनची कबरपन रिकामीच व्हनार ना गो? मंग मना का रडू येतं?"

बसमध्ये झोपेत जुळलेलं वाक्य आठवलं असतं तरी त्या क्षणी मी बोलले नसते. मला त्यांच्या धर्मातलं फारसं ठाऊक नाही, म्हणून जे तोंडात आलं ते विचारलं. "त्या कबरीकडे पहिलं कोण गेलं होतं?"

"बायका. सकाळी सकाळी."

"कशाला?"

"अंगाला लावायला सुगंधी तेल घिऊन. शुक्रवारी घाईत ठेवला व्हता ना त्याला, नीट काय करता आलं नवतं."

"म्हणजे कबर रिकामी आहे हे त्यांना माहीत नव्हतं?"

"कसं म्हायत असल? गेल्या तवां कळलं."

एवढं बोलून ती उठली. घरी येईपर्यंत माझ्या पुढे-पुढेच चालली. मला वाटलं, झालं, नको ते विचारून बसले. झोपेत कधीतरी देवळात ईस्टरच्या घंटा वाजल्या, खूप वाजल्या, आणि मी कूस बदलली.

"ऊठ, कुंदे."

उजाडत होतं. फिलूने धुवट लुगडं नेसलेलं, हातात खोबरेल तेलाची बाटली. मागच्या दारी जाऊन तिने स्वतः गोणपाट सोडलं. रोझी दारात उभी. मग आत जाऊन तिने पहार आणली.

दफनभूमी जवळच. बाकीच्या कबरींवर ताजी फुलं होती. रोझीने खड्डा केला, आम्ही तिघींनी खुरूस उभा केला, पायाशी दगड ठोकले. अंतोन, एवढंच नाव पांढऱ्या रंगात. फिलूने बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि त्या लाकडाच्या एका हाताला चोळायला लागली. मग दुसऱ्या. खांद्यापासून टोकापर्यंत, वरून खाली, तान्ह्या बाळाला चोळतात तसं. सहा महिने गोणपाटात सुकलेलं लाकूड तेल पीत होतं.

"किती सुकलाय बघ," ती रोझीला म्हणाली. "ये. पाय तू चोळ."

रोझी खाली बसली आणि मग तिला जे रडू फुटलं! फिलू रडली नाही. माझ्याही हातावर तिने तेल ओतलं. मी पाठीला चोळलं.

दुपारी जेवायला कोंबडी होती आणि फुगे (मैद्याचे तळलेले गोळे). आम्ही तिघी, पण फिलूने ताटं मांडली चार. दोन वर्षं अंतोनचं ताट मांडतेय तशीच. सकाळी नाव लावून आली आणि आता हे! रोझीने चौथ्या ताटाकडे बघितलं, ओठ घट्ट केले, मग परातीतले दोन फुगे शोधून काढून त्यात वाढले. "कडेचे, करपलेले," मला म्हणाली. "त्यांना तेच आवडायचे."

निघताना फिलूने पेढे काढून घेतले आणि त्या ताटातले फुगे माझ्या डब्यात घातले. "तुझ्या पोराला दे. नि ही माझी चप्पल घाल, परत आनून द्यायला ये."

परतताना खाडी काठोकाठ भरलेली. काल जिथे चप्पल गेली तिथे पाणी चमकत होतं. माझ्या हाताला तेलाचा वास येत होता.

घरी मुलाने विचारलं, "काय मग, मानलं का मावशीने, तो गेला म्हणून?"

"खुरूस लावला तिने."

"म्हणजे मानलं."

"ताटही वाढलं."

"म्हणजे नाही मानलं. आई, एक काय ते सांग ना!"

एक काय ते मला सांगता येईना. त्या रिकाम्या कपाटासमोर बसलेल्या बायकांनाही आलं नसतं. मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक फुगा तोंडात टाकला.

"करपलाय गं हा."

"कडेचा आहे तो," मी म्हटलं. "खा."