गव्हाआधी ज्वारी

काकूंच्या गॅरेजमध्ये एकच गाडी मावते, कारण उरलेल्या अर्ध्या भागात घरघंटी आहे. पुण्याहून जहाजाने आलेल्या सामानात ती आली आणि इथल्या विजेवर चालेना, म्हणून काकांनी तिच्यासाठी एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर बसवला. अमेरिकेत येऊन आपण केलेलं खरं इंजिनिअरिंग तेवढंच, बाकी सगळ्या मीटिंगा, असं काका सांगतात.

मॉरिसव्हिलला आले तेव्हा मी ऑफिसबाहेर कोणालाच ओळखत नव्हते, आणि ओळख काढणं मला जमत नाही. दुकानात ज्वारीच्या पिठाचं पाकीट उलटसुलट करून तारीख बघत होते, तेव्हा मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, ते घेऊ नकोस, कडू लागतं. त्या काकू. पुढच्या शनिवारी मी अख्खी ज्वारी घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये उभी होते. तेव्हापासून दर शनिवारी जायचे. मी 'चक्की' म्हणायचे, त्या 'गिरणी' म्हणायच्या आणि नागपूरकरांना हिंदी येतं की मराठी, असं चिडवायच्या. दळणानंतर जेवून जायचं हे न बोलता ठरलं होतं.

गिरणीचा एक नियम होता. आधी गहू, मग ज्वारी. ज्वारीनंतर गहू टाकला तर घंटीत उरलेलं ज्वारीचं पीठ कणकेत येतं आणि पोळ्या तुटतात. त्यामुळे माझी पिशवी नेहमी शेवटी. नियम बरोबरच होता. तरी दर वेळी पिशवी हातात घेऊन थांबताना मला आजी आठवायची, आणि ते मी कोणाला सांगत नव्हते.

माझं आडनाव बऱ्याच जातींमध्ये असतं. काकूंनी पहिल्याच दिवशी ते विचारलं, माझी शाळा इंग्रजी माध्यमाची हे ऐकलं, आणि उरलेलं स्वतःच भरून घेतलं. मी दुरुस्त केलं नाही. एकदा त्यांच्या भाच्याला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा पीठ चाळता चाळता त्या म्हणाल्या, "त्या लोकांना सगळं आयतं मिळतं. तू आपल्यातली म्हणून बोलते." मी पिशवीचं तोंड बांधत होते. बांधून झालं होतं, तरी पुन्हा सोडून बांधलं. पुढच्या शनिवारी मी परत गेले. राग आला नव्हता असं नाही, पण त्या एका घरात मला ताट वाढलेलं असायचं.

त्यांची मुलगी पाचवीत आहे. या वसंतात तिला शाळेतून एक प्रोजेक्ट मिळालं: धर्मासाठी घर सोडून इथे आलेले सुरुवातीचे वसाहतवाले. तासाभरावर क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं एक जुनं प्रार्थनाघर आहे, ते बघायला आम्ही तिघी एका शनिवारी गेलो.

आत काहीच नव्हतं. वेदी नाही, चित्र नाही, क्रूससुद्धा नाही. समोरासमोर मांडलेली लाकडी बाकं आणि खिडक्यांतून येणारं ऊन. दाखवायला एक पांढऱ्या केसांच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, इथे कुणाची जागा ठरलेली नसते, हवं तिथे बसा. काकू दाराजवळ बसल्या. मुलगी तीन बाकं बदलून बघून आली.

शिक्षिकाबाईंनी सांगितलं की उत्तरेकडच्या जुन्या वसाहतीत या लोकांविरुद्ध कायदे होते. त्यांना आसरा दिला, जेवण दिलं, तर देणाऱ्यालाही शिक्षा. काहींना चाबकाने मारलं, काहींना फाशी दिली. मुलीने पेन्सिल थांबवली. कायदे करणारे कोण, तेसुद्धा धर्माच्या स्वातंत्र्यासाठीच इंग्लंड सोडून आले होते ना, असं तिने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या."

मग त्यांनी काचेखालची एक वही दाखवली. या भागात फाशी झाली नव्हती, पण सरकारी चर्चला वर्गणी दिली नाही, शपथ घेतली नाही, म्हणून घरातल्या वस्तू उचलून नेत. क्वेकरांची रीत अशी की असं काही झालं की ते लिहून ठेवायचं. कोणाचं, काय, कशासाठी. एका घरची किटली. एका घरचं अंथरूण. एका विधवेची गाय. कुठे शिव्या नाहीत, रडणं नाही, आमच्यावर केवढा अन्याय झाला असंही नाही. अक्षर बारीक आणि सरळ. मी काचेवर वाकून किती वेळ वाचत होते कोण जाणे. काकूंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा भानावर आले.

परतताना काकू गाडी चालवत होत्या, मी शेजारी, मुलगी मागे. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर अशाच पद्धतीची, आपल्या कुटुंबातली एक नोंद लिहायची होती. तिने आईला विचारलं, आपल्याला कोणी त्रास दिला होता का. काकू हसल्या. "आपल्याला कोण देणार गं त्रास? पाहिजे तर लिही, तुझी आई तुला भाजी खायला लावते."

"दॅट्स नॉट रिलिजियस," ती म्हणाली. मग पुढे वाकून मला म्हणाली, "ताई, युअर फॅमिली?"

नाही म्हणणं सोपं होतं. आतापर्यंत तेच केलं होतं. पण त्या वहीतली ओळ डोक्यात होती, किटलीची. एवढंच तर लिहायचं असतं. काय झालं ते.

"लिही," मी म्हणाले. "चक्कीवाल्याने आमचं धान्य दळून दिलं नाही."

कोणाचं, तिने विचारलं. माझ्या आजीचं. कशासाठी? आजोबांनी दीक्षा घेतली, बौद्ध झाले, घरातले देव नदीत सोडले, म्हणून. त्याआधी दळायचा का? दळायचा, मी म्हणाले, पण सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी. मग आजी जात्यावर दळायची. तिच्या तळव्यांना शेवटपर्यंत घट्टे होते. हे सगळं ती इंग्रजीत लिहून घेत होती आणि मध्येच मला स्पेलिंग विचारत होती.

काकू रस्त्याकडे बघत होत्या. वळण मागे पडलं होतं तरी इंडिकेटर टिकटिकत राहिला. माझ्या अपार्टमेंटपाशी त्यांनी गाडी थांबवली, "बरं" म्हणाल्या, आणि मी उतरले.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. ज्वारीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. त्यांचा फोनही आला नाही. रात्री मी ब्रेड खाल्ला. बाबांना फोन केला, पण काही सांगितलं नाही; फक्त आजी ज्वारी किती जाड दळायची ते विचारलं. हे आत्ताच का विचारतेस, असं ते म्हणाले, आणि मग अर्धा तास सांगत राहिले.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. दळण घेऊन ये, एवढंच म्हणाल्या.

गॅरेजचं दार वर होतं. गव्हाचा डबा घंटीशेजारी तयार होता. काकूंनी माझ्याकडे न बघता ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं, पण घंटी सुरू केली नाही.

"आम्ही तसं काही मानत नाही गं," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. त्याच्यानंतर काय बोलायचं असतं ते मला कधीच कळलेलं नाही. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी भाच्याचं बोलताना मी काय बोलले. तू इथेच उभी होतीस."

"हो."

"आणि तरी पुढच्या शनिवारी आलीस."

"तुम्ही वांग्याचं भरीत करणार होतात," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्यांचे डोळे भरले. पदर नव्हता, टी-शर्टच्या बाहीने पुसले. गालाला पीठ लागलं. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ घंटीच्या तोंडात ओतायला लागल्या.

"काकू, गहू व्हायचाय अजून. पोळ्या तुटतील."

"तुटू देत," त्या म्हणाल्या, आणि घंटी सुरू केली. त्या आवाजात पुढे काही बोलता येत नाही, याचं आम्हा दोघींना बरं वाटलं असावं.

खरं सांगायचं तर मला पहिला नंबर नको होता. मला नेहमीसारखं हवं होतं. पण पीठ बाहेर यायला लागलं, त्यांनी चिमटीत घेऊन माझ्यापुढे धरलं, आणि मी त्यांना सांगितलं की थोडं जाड ठेवा, आजीला जाड लागायचं. त्यांनी चकती फिरवली. पुन्हा चिमूट पुढे धरली. एवढं? अजून थोडं.

दुपारी पोळ्या तुटल्याच. काकांनी एक उचलून उजेडात धरली आणि आज हिला काय झालंय, असं विचारलं. मुलगी हसायला लागली. काकूंनी माझ्या ताटात भाकरी टाकली आणि काकांना म्हणाल्या, मुकाट्याने जेवा.