जळालेल्या मोटारीला शाब्बास

जळालेली मोटार उघडली की यासीनचाचा आधी म्हणत, "शाब्बास!" मगच छिन्नी उचलत.

आमचा धंदा मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचा. जळगावात, पिंप्राळ्याच्या रस्त्यावर एका दुकानात आम्ही दोघे पगारी कारागीर, टेबलं शेजारी-शेजारी. या धंद्यात मोटार उघडली की आधीच्या कारागिराला शिवी घालायची रीतच आहे. "कोणत्या गाढवाने भरली ही?" चाचा मात्र काळी पडलेली तार बोटांनी चाचपत आणि त्या अनोळखी माणसाला शाब्बासकी देत.

"जळालेल्या कामाची कसली शाब्बासकी, चाचा?" मी एकदा चिडवलं.

"अरे, अब्बा बताते थे, हा फारसी शब्द आहे. शाद बाश. म्हणजे खुश राहा. काम कसं झालं ते मोटार सांगतेच ना? मी फक्त दुआ देतो. मार्क द्यायला मी काय मास्तर आहे?"

एका वैशाखात धुळे रस्त्यावरच्या गावातले आबा, आमचं जुनं गिऱ्हाईक, पंधरा दिवसांपूर्वीच भरून नेलेली मोटार पुन्हा जळाली म्हणून परत घेऊन आले. मळ्यात केळी करपत होती. "हाई काम कोनं शे रे?"

काम माझं होतं. घाईत तारेवरचं वार्निश नीट सुकू दिलं नव्हतं. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेले. मी त्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे हनुवटी केली.

चाचा परतले तसे आबा चारचौघांत कडाडले, "चाचा, तुमना डोया गयात का?"

चाचांनी मोटार उघडली. तारेवर बांधलेल्या दोऱ्याची गाठ पाहिली. ती प्रत्येक कारागिराची वेगळी असते. मग माझ्याकडे पाहिलं. "शाब्बास," म्हणाले आणि छिन्नी उचलली. मी मान वर केली नाही.

त्या गावाच्या मोटारी चाचांकडे येईनाशा झाल्या. वर्षभरात मालकाने त्यांचं टेबल काढलं. मी तेव्हाही गप्प होतो. पुढची बारा वर्षंही.

मागच्या महिन्यात अखेर आबांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी टोपी घातली. "माले काय सांगस? चाचाले सांग. चाल, मी बी येस."

चाचा आता भुसावळला लेकीकडे असतात. आबांसमोरच मी कबूल केलं.

"गाठ तुझी होती. मालूम था," चाचा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

आबांनी हात जोडले, ते चाचांनी धरून खाली केले. मग हात माझ्या पाठीवर ठेवला.

"शाब्बास."

या खेपेला मी मान वर केली.