काळ्या डुकरांतला एकच नर

आमच्या पोशीरकडच्या गावात डुकरं पाळणारे दोन-चारच, आणि त्यांची सगळी पांढरी, धिप्पाड. माझी मात्र काळी, बुटकी, लांब तोंडाची. माहेरच्या डोंगरातल्या वस्तीवरून मी ती आणली तेव्हा लोक हसले. मग गुरांचे डॉक्टर आले नि म्हणाले, "ताई, ही जात या बाजूला आता कुठे उरली नाही. वंश टिकवा हिचा." तेव्हापासून मी हट्टालाच पेटले.

डुकरीण लावणीच्या दिवसांत व्याली. नर-माद्या सगळी पिल्लं आईपाशी एकाच कुडाच्या खोपटात. बाप चावरा, म्हणून तो पहिल्यापासून वेगळ्या खोपटात. दसऱ्याच्या सुमारास बघते तर एवढीएवढीशी नर पिल्लं बहिणींच्या पाठीवर चढतायत. नवरा मोहोपाड्याच्या कंपनीतून नुकताच आला होता, त्याला दाखवलं.

"खेळतात गं," तो म्हणाला. "त्यांचं वय काय, तू बोलतेस काय."

मलाही पटलं. पांढऱ्यांचा नर अर्धं वर्ष झाल्याशिवाय कामाला येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. ही तर जेमतेम तीन महिन्यांची. शिवाय आमच्याकडे बोकड असो की डुक्कर, खच्ची करायचं काम भाताची झोडणी उरकल्यावरच निघतं. तोवर कुणाचे हात मोकळे नसतात, आणि थंडीत जखमेवर माशाही बसत नाहीत. म्हणून आम्ही थांबलो.

झोडणी झाली. दीर आले, त्यांनी विचारलं, "वैनी, एखादा ठेवायचा का?" मी म्हटलं, "कशाला, बाप हाय की धडधाकट." सगळे नर खच्ची झाले. आणि पंधरवडाही गेला नाही तोच बाप तापाने पडला नि मेला. मी डोक्याला हात लावून बसले. माझ्याच तोंडाने मी वंश बुडवला होता.

त्यानंतर एका पाटीचं पोट उतरायला लागलं. पाट म्हणजे न व्यालेली पोर, त्याच वेतातली. मला काही समजेना. बाप तर तिच्या जवळपासही गेला नव्हता. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "गाभण आहे. भावापासून. या जातीचे नर तिसऱ्या महिन्यातच तयार होतात, ताई. दुधावरून सुटले की वेगळे काढायचे असतात."

मला लाज वाटली, राग आला, कुणाचा ते कळेना. भावाबहिणीची पिल्लं, कसली निघायची. आणि दुसरीकडे रोज तिच्याच पोटाकडे बघायचं, की बाई, एक तरी नर दे. माहेरच्या वस्तीवरही आता ही जात उरली नव्हती, मग नर दुसरीकडून येणार कुठून? जिची चीड यावी तिलाच गूळ-भाकरी भरवत होते. नवरा म्हणे, "तुझं एक काय ते ठरव." ते काही ठरलं नाही.

ती व्याली. एकेकाची शेपटी उचलून बघितली. माद्या, माद्या, आणि एक नर. दोन्ही गोळ्या जागच्या जागी, हाताला लागल्या. मी तिथेच रडले.

या वेळी मी चुकले नाही. दूध तुटल्या तुटल्या त्याला वेगळा काढला, मधे फळी ठोकली. डॉक्टर नेरळपासून खोपोलीपर्यंत विचारत फिरले, बाहेरची मादी कुठेच मिळाली नाही. आता तो तयार झालाय, दिवसभर फळीला धडका देतो. पलीकडे त्याची आई, आजी, मावश्या, बहिणी. दुसरं कुणीच नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, "ताई, वंश हवा असेल तर फळी तुम्हालाच काढावी लागेल. पण पुढची पिल्लं धड निघतील याचा भरवसा मी देत नाही."

रोज सकाळी मी फळीला हात घालते. काढावी वाटतं, नको वाटतं. हात तसाच राहतो, आणि तो पलीकडून धडका देत राहतो.